१६ विरुद्ध ११ : क्युबाने प्लॅट दुरुस्ती का स्वीकारली

१२ जून १९०१ रोजी हवानामध्ये क्युबाच्या घटना समितीने वॉशिंग्टनमध्ये लिहिलेली आठ कलमं, म्हणजेच प्लॅट दुरुस्ती, जशीच्या तशी आपल्या नव्या राज्यघटनेला जोडली. बाजूने १६ मतं पडली, विरोधात ११. त्यातल्या तिसऱ्या कलमानुसार क्युबाचं स्वातंत्र्य धोक्यात आहे असं अमेरिकेला वाटलं, तर तिला तिथे हस्तक्षेप करता येणार होता.

हे मतदान करणारी माणसं स्पेनची खुशमस्करी नव्हती. कित्येकांनी जंगलात वर्षं काढली होती, तुरुंग आणि हद्दपारी भोगली होती. म्हणून "विकले गेले" हे सोपं उत्तर इथे चालत नाही. माझं म्हणणं असं की जून १९०१ मध्ये निवडीला फारसं काही उरलंच नव्हतं. खरे निर्णय त्याआधीच्या तीन वर्षांत झाले होते, आणि त्यातले काही झाले तेव्हा ते निर्णय आहेत हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

पार्श्वभूमी

स्पेनने १५११ मध्ये क्युबा जिंकायला घेतला. १८२० च्या दशकात मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या वसाहती सुटल्या, पण क्युबा आणि पोर्तो रिको स्पेनकडेच राहिले. यामागे साखर होती. क्युबातले मळेवाले गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झाले होते आणि शेजारच्या हैतीत गुलामांनी केलेली क्रांती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. स्पेनचं सैन्य त्यांना जाचक वाटे, तरी हवंही असे.

ही कोंडी १० ऑक्टोबर १८६८ रोजी फुटली. कार्लोस मानुएल दे सेस्पेदेस या मळेवाल्याने आपल्या ला देमाहाग्वा कारखान्यातल्या गुलामांना मुक्त करून बंडाची घोषणा केली. दहा वर्षांच्या लढाईनंतर १८७८ मध्ये सांहोनचा तह झाला. त्यात ना स्वातंत्र्य होतं, ना सर्व गुलामांची सुटका. आंतोनिओ मासेओ या बंडखोर सेनानीने बाराग्वा इथे तो तह धुडकावला, पण युद्ध पुढे रेटण्याइतकं बळ उरलं नव्हतं. गुलामगिरी संपायला १८८६ साल उजाडलं.

तोवर क्युबाच्या साखरेचं गिऱ्हाईक बदललं होतं. राज्य स्पेनचं होतं, पण बाजार अमेरिकेचा होता. १८९४ मध्ये अमेरिकेने आयात जकातीत बदल केला तेव्हा माद्रिदमधल्या कुठल्याही फर्मानापेक्षा मोठा दणका क्युबाच्या गावागावांना बसला. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १८९५ रोजी, शेवटचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं.

या युद्धाची बांधणी होसे मार्तीने न्यूयॉर्कमध्ये राहून केली होती. १८९२ मध्ये त्याने क्युबन क्रांतिकारी पक्ष उभा केला, विड्या वळणाऱ्या कामगारांकडून वर्गणी जमवली आणि जुन्या सेनानींची मोट बांधली. मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८ मे १८९५ रोजी, मानुएल मेर्कादो या मित्राला लिहिलेल्या अपुऱ्या पत्रात त्याने उद्देश उघड केला होता : क्युबा वेळेत स्वतंत्र करायचा, म्हणजे अमेरिकेला अँटिलीस (कॅरिबियन) बेटांवर पसरता येणार नाही. त्या राक्षसाच्या पोटात मी राहिलो आहे, त्याची आतडी मला ठाऊक आहेत, असं तो लिहितो. दुसऱ्या दिवशी दोस रिओस इथल्या चकमकीत तो पडला. १८९६ च्या डिसेंबरात मासेओही गेला. उरला तो वयोवृद्ध सरसेनापती माक्सिमो गोमेझ, मूळचा डोमिनिकन.

स्पेनने १८९६ मध्ये जनरल वेलेरला पाठवलं. बंडखोरांची रसद तोडायची म्हणून त्याने खेड्यापाड्यांतली माणसं तटबंदीच्या शहरांत कोंडली. भूक आणि रोगराईने किमान लाखभर लोक मेले. १८८७ च्या जनगणनेत क्युबाची लोकसंख्या १६,३१,६८७ होती. बारा वर्षांनी ती १५,७२,७९७ भरली.

पेच कसा तयार झाला

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात अमेरिकेची 'मेन' ही युद्धनौका स्फोटात बुडाली आणि अडीचशेहून अधिक नौसैनिक मेले. एप्रिलमध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे युद्धाचा ठराव आला, आणि पहिला निर्णायक क्षण तिथेच आहे. जंगलात चाललेल्या क्युबन प्रजासत्ताकाला अमेरिकेने मान्यता द्यावी अशी दुरुस्ती सिनेटने मंजूरही केली होती. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीला ती नको होती आणि शेवटच्या मसुद्यातून ती गळली. राहिली ती कोलोरॅडोचे सिनेटर टेलर यांची दुरुस्ती : शांतता प्रस्थापित करण्यापलीकडे या बेटावर सत्ता गाजवण्याचा अमेरिकेचा हेतू नाही, ते काम झालं की कारभार तिथल्या जनतेच्या हाती सोपवला जाईल.

क्युबन पुढाऱ्यांनी टेलरचं वचन ऐकून सुटकेचा श्वास सोडला. मान्यता गळल्याची बोच फार कुणाला लागली नाही. वास्तविक मोलाची गोष्ट मान्यता होती. वचनाची मुदत, "शांतता" या शब्दाचा अर्थ, जनतेच्या वतीने कारभार हाती घेणार कोण, हे सगळं वचन देणाऱ्याकडेच राहिलं.

परिणाम दिसायला तीन महिनेही लागले नाहीत. कालिक्स्तो गार्सियाच्या क्युबन फौजेने सांतियागोजवळ अमेरिकी सैन्याला किनाऱ्यावर उतरायला मदत केली, वेढ्यात साथ दिली. १७ जुलैला शहर शरण आलं तेव्हा अमेरिकी जनरल शॅफ्टरने क्युबन सैनिकांना आत येऊ दिलं नाही. स्पॅनिश नगर अधिकारी मात्र तूर्त आपापल्या खुर्च्यांवर राहिले. गार्सियाने पत्र लिहून सुनावलं की आम्ही रानटी नाही, आमची फौज फाटकी आहे, तुमच्या पूर्वजांची स्वातंत्र्ययुद्धातली फौज होती तशीच. मग त्याने राजीनामा दिला. १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहाच्या टेबलावर एकही क्युबन नव्हता. १ जानेवारी १८९९ रोजी हवानात स्पेनचा झेंडा उतरला आणि अमेरिकेचा चढला.

तीन संस्था, काही महिने

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो काळ हाच, आणि नेमका तोच बहुतेक इतिहासांत दोन ओळींत उरकला जातो.

युद्ध संपलं तेव्हा क्युबन चळवळीकडे तीन संस्था होत्या : मार्तीचा पक्ष, मुक्तिसेना आणि तिच्या प्रतिनिधींची सभा. पक्ष तोमास एस्त्रादा पाल्माने डिसेंबर १८९८ मध्ये विसर्जित केला. मार्तीनंतर तोच प्रमुख होता. काम झालं, आता पक्ष कशाला, असं त्याचं गणित.

सैन्याचा प्रश्न पोटाचा होता. सैनिकांना तीन-तीन वर्षांचा पगार मिळाला नव्हता, घरं जळाली होती, बैल उरले नव्हते. सभेला वाटत होतं की या पगारासाठी मोठं कर्ज काढावं. त्यात हिशेबापेक्षा राजकारण जास्त होतं. कर्जाच्या कागदावर सभेची सही अमेरिकेने चालवून घेतली की सभेला क्युबाची प्रतिनिधी म्हणून मान्यता मिळाल्यासारखीच होती. युक्ती वाईट नव्हती. पण अमेरिकेने सभेला वळसा घातला. १८९९ च्या फेब्रुवारीत मॅकिन्लीचा दूत थेट माक्सिमो गोमेझकडे गेला आणि एकूण ३० लाख डॉलर देऊ केले. शस्त्र जमा करणाऱ्या प्रत्येक सैनिकाला ७५ डॉलर मिळणार होते. गोमेझ तयार झाला. सभेने मार्चमध्ये त्याला सरसेनापतिपदावरून काढलं. हवानाचे लोक रस्त्यावर उतरले ते गोमेझच्या बाजूने, आणि सभा काही आठवड्यांत स्वतःच विसर्जित झाली.

गोमेझला दोष देणं सोपं आहे. त्याच्यासमोर उपाशी माणसं होती आणि सभेकडे त्यांना द्यायला ठराव होते. पण हिशेब असा झाला की १८९९ चा उन्हाळा संपेपर्यंत सगळ्या क्युबाच्या वतीने "नाही" म्हणू शकेल अशी एकही संस्था बेटावर उरली नाही. गार्सिया डिसेंबरातच वॉशिंग्टनमध्ये वारला होता. पुढे जी काही संस्था उभी राहणार होती ती अमेरिकी लष्करी गव्हर्नरच्या हुकमाने, त्याच्या कार्यक्रमपत्रिकेसह.

घटना समिती आणि तिची कार्यक्रमपत्रिका

गव्हर्नर होता लिओनार्ड वूड, पेशाने डॉक्टर, स्वभावाने कामसू. त्याच्या काळात हवानातला पिवळा ताप हटला. हा ताप डास पसरवतात हे कार्लोस फिनले या क्युबन डॉक्टरने १८८१ मध्येच मांडलं होतं. १९०० मध्ये वॉल्टर रीडच्या पथकाने ते प्रयोगाने सिद्ध केलं. वूडचा कारभार कार्यक्षम होता, ही गोष्ट नाकारण्यात अर्थ नाही.

निवडणुकांत मताधिकार मर्यादित ठेवला गेला : साक्षर पुरुष, २५० डॉलरची मालमत्ता असलेले, किंवा मुक्तिसेनेत लढलेले. "समंजस" वर्ग निवडून येईल ही वूडची अपेक्षा होती. आले ते स्वातंत्र्यवादी. ३१ सदस्यांची घटना समिती ५ नोव्हेंबर १९०० रोजी हवानाच्या एका नाट्यगृहात बसली. जुलैच्या मूळ हुकमात अमेरिकेशी असायचे संबंध हा राज्यघटनेचाच भाग असावा असं होतं. ओरड झाली, तेव्हा वूडने शब्द मवाळ केले : आधी घटना करा, मग संबंधांबद्दल तुमचं मत कळवा. सदस्यांनी याला विजय मानलं आणि दुसरा विषय साडेतीन महिने बाजूला ठेवला.

फेब्रुवारी १९०१ मध्ये पाच जणांची उपसमिती संबंधांवर विचार करू लागली तेव्हा युद्धमंत्री एलिहू रूटच्या अटी तयार होत्या. शिकारीला निघालेल्या वूडने उपसमितीला बाताबानोपर्यंत बरोबर नेलं आणि त्या तिथे ऐकवल्या. समितीने २७ फेब्रुवारीला आपला पर्यायी मसुदा मंजूर केला : क्युबा स्वातंत्र्याला बाधक तह करणार नाही, आपली भूमी अमेरिकेविरुद्ध तळ म्हणून वापरू देणार नाही, लष्करी अंमलातली कायदेशीर कृत्यं मान्य करेल, व्यापाराचा करार करेल. हस्तक्षेपाचा हक्क आणि नाविक तळ त्यात नव्हते.

त्याच दिवशी सिनेटने कनेक्टिकटच्या ऑरव्हिल प्लॅट यांच्या नावाची दुरुस्ती लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडून मंजूर केली. २ मार्चला मॅकिन्लीची सही झाली. हवानाचा मसुदा कुणी वाचायच्या आत वॉशिंग्टनमध्ये कायदा झाला होता.

पर्याय

मार्च ते जून समितीपुढे चार वाटा होत्या.

सरळ नकार द्यायचा. रूटने स्पष्ट केलं होतं की दुरुस्ती मान्य होईपर्यंत सैन्य हलणार नाही. हुआन ग्वालबेर्तो गोमेझ या बाजूचा. (सरसेनापती गोमेझशी त्याचं नातं नाही.) त्याचे आईवडील गुलाम होते, तो जन्मायच्या आधीच त्यांनी त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. पुढे पॅरिसमध्ये शिकून तो पत्रकार झाला आणि क्युबात मार्तीचा विश्वासू माणूस बनला. २६ मार्चच्या निवेदनात त्याने तिसऱ्या कलमाचा अर्थ एका वाक्यात सांगितला : हे म्हणजे आपल्या घराची किल्ली त्यांच्या हाती देणं, रात्री-अपरात्री, मनात येईल तेव्हा, चांगल्या हेतूने वा वाईट, त्यांनी आत यावं म्हणून. त्याची हरकत हस्तक्षेपापेक्षाही त्याची गरज ठरवण्याचा अधिकार एकट्या अमेरिकेकडे असण्याला होती. वृद्ध साल्वादोर सिस्नेरोस बेतांकूरही ठाम विरोधात होता.

दुसरी वाट पुन्हा शस्त्र उचलण्याची. सैन्य दोन वर्षांपूर्वीच घरी गेलं होतं. शिवाय फिलिपिन्सचं उदाहरण ताजं होतं. तिथे अमेरिकेविरुद्ध लढणारा अगिनाल्दो २३ मार्चला, म्हणजे वरच्या निवेदनाच्या तीन दिवस आधी, पकडला गेला.

तिसरी, अर्थ स्पष्ट करणाऱ्या टिपा जोडून स्वीकार. चौथी, आहे तसा स्वीकार. मानुएल सांगिली आधी विरोधात होता; मग त्याचं मत झालं की लष्करी अंमलापेक्षा बंधनांसह स्वातंत्र्य बरं, कारण प्रजासत्ताक एकदा उभं राहिलं की बंधनं पुढे सोडवता येतील. तरुण एन्रिके व्हियुएन्दासला वाटत होतं की अटळाशी भांडण्यात अर्थ नाही, एकतर विलीनीकरण नाहीतर दुरुस्तीसह प्रजासत्ताक.

सांगिलीचा युक्तिवाद भित्र्याचा नाही. पण त्यातलं एक गृहीतक तपासलं गेलं नाही. ही बंधनं बाहेरून येणाऱ्या दडपणासारखी राहतील असं त्याने धरलं. देशातल्या राजकारणाची चाल ती आतूनच बदलतील हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

काय केलं गेलं

एप्रिलमध्ये समितीचा अध्यक्ष दोमिंगो मेंदेझ कापोते आणि चार सहकारी वॉशिंग्टनला गेले. मेजवान्या झाल्या, राष्ट्राध्यक्षांची भेट झाली. रूटने आश्वासन दिलं की तिसरं कलम म्हणजे क्युबाच्या कारभारात ढवळाढवळ नव्हे. साखरेवरच्या जकातीत सवलतीचा विषय पाहुण्यांनी काढला. उत्तर मिळालं की त्याची बोलणी क्युबाचं सरकार स्थापन झाल्यावर. गाजर कुणी हातात दिलं नाही, पण दिसेल असं टांगलं.

हवानाला परतल्यावर २८ मे रोजी समितीने १५ विरुद्ध १४ मतांनी दुरुस्ती स्वीकारली, पण रूटची आश्वासनं खुलासा म्हणून जोडून. रूटने ते परत पाठवलं : काँग्रेसने केलेला कायदा आहे, त्यात काना-मात्रा बदलणार नाही. दिलेलं आश्वासन कागदावर आलं की चालेनासं झालं, हा धोक्याचा इशारा इतका ठळक होता की तो न दिसणं शक्य नव्हतं. दिसला सगळ्यांनाच. दोन आठवड्यांनी १६ विरुद्ध ११ मतदान झालं. चार जण मतदानात नव्हते.

ऑक्टोबरमध्ये वूडने तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टला खासगी पत्रात लिहिलं की प्लॅट दुरुस्तीनंतर क्युबाकडे स्वातंत्र्य म्हणावं असं फारसं काही उरलेलं नाही. सदस्यांना हे पत्र कळलं असतं तरी मतं बदलली असती असं वाटत नाही.

परिणाम

२० मे १९०२ रोजी एस्त्रादा पाल्मा राष्ट्राध्यक्ष झाला, बिनविरोध. दुरुस्तीविरोधी बार्तोलोमे मासोने निवडणुकीतून आधीच माघार घेतली होती. १९०३ मध्ये ग्वांतानामो नाविक तळासाठी अमेरिकेला वर्षाला २,००० डॉलर भाड्याने दिला गेला, त्याच वर्षी साखरेला २० टक्के जकात सवलत मिळाली. सांगिलीच्या गणितानुसार सगळं ठीक चाललं होतं.

मग १९०५ ची निवडणूक आली. सरकारपक्षाने दंडेली केली, विरोधी लिबरल पक्षाने बहिष्कार घातला. सप्टेंबरमध्ये सिएन्फ्वेगोस इथे व्हियुएन्दास राजकीय हाणामारीत मारला गेला. १९०६ च्या ऑगस्टमध्ये लिबरलांनी बंड केलं आणि तिसरं कलम कसं चालतं ते दिसलं. बंडखोरांना जिंकण्याची गरज नव्हती. परदेशी मालकीच्या साखर कारखान्यांना आणि रेल्वेला धोका निर्माण झाला की अमेरिका येईल आणि नव्याने निवडणूक घेईल, एवढं पुरे होतं. सरकारलाही तडजोडीची गरज नव्हती, कारण तेही अमेरिकेलाच बोलावू शकत होतं. एस्त्रादा पाल्माने तेच केलं. रूझवेल्टला ही ब्याद नको होती. त्याने आपला युद्धमंत्री टॅफ्ट याला मध्यस्थीला पाठवलं. तडजोड मानण्याऐवजी क्युबाचे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष दोघांनी राजीनामे दिले. उत्तराधिकारी नेमायला क्युबन काँग्रेसची गणसंख्याही भरली नाही. देशात सरकारच उरलं नाही, आणि २९ सप्टेंबरला टॅफ्टने अमेरिकी अंमल जाहीर केला. तो जानेवारी १९०९ पर्यंत टिकला.

तो राजीनामा देणारा उपराष्ट्राध्यक्ष म्हणजे घटना समितीचा जुना अध्यक्ष मेंदेझ कापोते. आणि बंडाच्या कटातला म्हणून पकडलेल्या लिबरल पुढाऱ्यांत होता हुआन ग्वालबेर्तो गोमेझ, ज्याने १९०१ मध्ये याच कलमाविरुद्ध सर्वांत जोरदार भाषा वापरली होती. होकारवाला आणि नकारवाला, दोघेही पाच वर्षांत त्याच यंत्राचे भाग झाले. मला या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद हीच वाटते. १९१२ आणि १९१७ मध्ये अमेरिकी सैन्य पुन्हा उतरलं. दुरुस्ती २९ मे १९३४ च्या करारात रद्द झाली. हुआन ग्वालबेर्तो त्याआधी वर्षभर वारला होता.

काय वेगळं करता आलं असतं

सभा आणि सरसेनापती गोमेझ यांच्यातलं १८९९ चं भांडण टाळता आलं असतं. पैसे गोमेझने स्वीकारायचे, पण पावतीवर सही सभेची, एवढी अट दोघांनी मिळून धरली असती तर अमेरिकेला सैनिकांसमोर नकार द्यावा लागला असता. त्या घडीला नव्वद मैलांवर आणखी एक फिलिपिन्स वॉशिंग्टनला परवडणारा नव्हता. हत्यारं हातात असताना बोलणी करायची असतात, ही गोष्ट या दोन पक्षांना ठाऊक नव्हती असं नाही. त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

दुसरं, घटना समितीने संबंधांचा विषय फेब्रुवारीपर्यंत ढकलला. नोव्हेंबर १९०० मध्ये अमेरिकेत निवडणूक नुकतीच झाली होती, मॅकिन्लीविरोधी पक्षाने साम्राज्यवादाचा मुद्दा प्रचारात वापरला होता आणि टेलरचं वचन काँग्रेसमध्ये अजून आठवणीत होतं. तेव्हाच आपला मसुदा पुढे केला असता तर तो विरोधकांच्या हातात पडला असता. प्रतिनिधीगृहात दुरुस्ती १६१ विरुद्ध १३७ मतांनीच मंजूर झाली, म्हणजे धक्का द्यायला जागा होती.

तिसरं, मे महिन्यातल्या खुलाशांत समितीने हस्तक्षेपाचा अर्थ मर्यादित करण्यावर भर दिला. अर्थ कधीही ताणता येतो. त्याऐवजी मुदत मागता आली असती : दहा वर्षांनी फेरविचार, किंवा गरज ठरवायला तिसरा लवाद. रूटने हेही नाकारलं असतं, बहुधा. पण त्याच आठ कलमांत एक उदाहरण होतं. सहाव्या कलमाने क्युबाच्या दक्षिणेकडच्या पिनोस बेटाची मालकी ठरवली नाही, पुढच्या तहावर सोडली. अमेरिकी जमीनमालकांनी वर्षानुवर्षं जोर लावूनही ते बेट १९२५ मध्ये क्युबालाच मिळालं. सातव्या कलमातून आलेल्या ग्वांतानामोच्या भाडेपट्ट्याला मात्र अखेरची तारीख नव्हती, आणि १९३४ च्या करारानेही तो अमेरिकेने तळ सोडला किंवा दोन्ही देशांची संमती असेल तरच संपेल असं लिहून कायम ठेवला.